आयव्हीएफचा खर्च देणारी वैयक्तिक मेडिक्लेम: सांगलीत कुणी घेतलीय का?

जाईजुई (सांगली) | धागाकर्ती

नमस्कार मंडळी. हा विषय घरात किंवा शेजारीपाजारी काढला की लगेच सल्ले सुरू होतात, म्हणून इथे लिहितेय.

माझं वय ३३, मिस्टरांचं ३६. त्यांचं माधवनगर रोडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. दोघांनाही नोकरीतून मिळणारा ग्रुप विमा नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली. मला पीसीओएस (हार्मोन्सचं संतुलन बिघडून पाळी आणि बीज तयार होणं अनियमित होतं तो त्रास) निघालाय आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंचा काउंट थोडा कमी. सध्या गोळ्या आणि वजनावर काम चालू आहे. पुढे आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), आणि नाही जमलं तर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी), असं डॉक्टर म्हणाल्या. मिरजेत आणि पुण्यात चौकशी केली तर एका सायकलचा, म्हणजे उपचाराच्या एका फेरीचा, अंदाज दीड ते अडीच लाख सांगतात, आणि एका सायकलमध्ये होईलच असं कुणी सांगत नाही.

आमची ५ लाखांची फॅमिली फ्लोटर (दोघांना मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी) आहे, चार वर्षं जुनी, एकही क्लेम नाही. एजंटना विचारलं तर फोनवर म्हणाले, "अहो ताई, सगळं कव्हर आहे." मग रात्री बसून पॉलिसीची पुस्तिका वाचली. वगळलेल्या खर्चांच्या यादीत १७ नंबरला स्पष्ट लिहिलंय की वंध्यत्वाशी संबंधित कोणताही खर्च मिळणार नाही. आययूआय, आयव्हीएफ, इक्सी (स्त्रीबीजात थेट शुक्राणू सोडणं), सरोगसी, सगळ्यांची नावं घालून लिहिलंय.

मला विचारायचंय ते असं. हा १७ नंबर सगळ्याच कंपन्यांत असतो का? स्वतःच्या पैशाने घ्यायच्या पॉलिसीत हा उपचार कुणी देतं का? आणि देत असेल तर आमच्यासारख्यांनी, ज्यांचे उपचार सुरू झालेत, आता ती घेऊन उपयोग आहे का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहावं ही विनंती. जवळच्या नर्सिंग होमची नावं नकोत, ती माहिती आहे.

---

दंडोबा (मिरज)

ताई, मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला (विम्याचे क्लेम बघणाऱ्या टेबलाला) बसतो. तुमच्यासारखी माणसं रोज समोर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये न मिळणाऱ्या खर्चांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येकाला कोड नंबर दिला. वंध्यत्वाचा नंबर १७, बाळंतपणाचा १८. त्यामुळे कुठल्याही कंपनीची पुस्तिका उघडा, मजकूर तोच दिसेल. १७ मध्ये चार गोष्टी येतात: गर्भनिरोधन आणि नसबंदी, कृत्रिम गर्भधारणेचे सगळे प्रकार, सरोगसी, आणि केलेली नसबंदी परत उलटवणं.

पण हा खर्च वगळलाच पाहिजे अशी कंपनीवर सक्ती नाही. कंपनीला द्यायचा असेल तर ती वेगळा लाभ म्हणून देऊ शकते, आणि काही देतात. त्या पॉलिसीच्या पुस्तिकेत 'असिस्टेड रिप्रॉडक्शन' किंवा 'सब-फर्टिलिटी' नावाचं वेगळं कलम असतं. ते कलम नसेल तर तोंडी कुणी काहीही सांगो, पैसे मिळत नाहीत. सगळ्यात जास्त वाद बाळंतपणाचं कवच आणि हा उपचार एकच समजल्यामुळे होतात. तुमच्या एजंटने बहुतेक तेच केलंय.

दुसरं म्हणजे आयव्हीएफचा खर्च कसा होतो ते बघा. आपली नेहमीची मेडिक्लेम २४ तास भरती किंवा ठरावीक डे-केअर प्रक्रिया यावर चालते. आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस इंजेक्शनं, दिवसाआड सोनोग्राफी, रक्त तपासण्या, मग अर्ध्या दिवसाची भूल देऊन स्त्रीबीज काढणं, लॅबचं काम, गर्भ गोठवणं, नंतर ट्रान्सफर. बराचसा पैसा बाह्यरुग्ण म्हणून आणि मेडिकलच्या दुकानात जातो. म्हणून ज्या पॉलिसीत हा लाभ आहे तिथेही 'भरती आवश्यक नाही' असं लिहिलंय का ते बघायचं. तसं नसेल तर इंजेक्शनांची बिलं तुमच्याच अंगावर येतील.

तुमच्या सध्याच्या पॉलिसीत काय मिळू शकतं तेही सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. गर्भाशयातल्या गाठी, एंडोमेट्रिओसिस, ओव्हरीतली सिस्ट, यांची दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया त्या आजारासाठी केली असेल तर साधारण दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळते. तुमची पॉलिसी चार वर्षांची आहे, म्हणजे तो काळ उलटलाय. पुरुषांच्या व्हेरिकोसीलचंही (अंडकोषातल्या शिरा फुगण्याचंही) तसंच. इथे प्री-ऑथ (उपचाराआधी कंपनीची मंजुरी मागण्याच्या) फॉर्ममधला डॉक्टरांचा भाग महत्त्वाचा. प्राथमिक निदान, तक्रार किती दिवसांपासून, पहिल्यांदा कधी दाखवलं, असे रकाने असतात. घाईत तिथे फक्त 'प्रायमरी इन्फर्टिलिटी' लिहिलं की आजाराचा कोड एन-९७, म्हणजे वंध्यत्वाचा, पडतो आणि फाइल १७ नंबरखाली परत येते. पोटात दुखतंय, पाळीत जास्त रक्तस्राव होतोय, सोनोग्राफीत ५ सेंटिमीटरची गाठ दिसतेय, हे खरं असेल तर ते फॉर्मवर आलं पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. खोटं मात्र लिहून मागू नका. जुन्या फाइलीत दुसरंच निघालं तर क्लेमही जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.

---

गलाईकर (विटा, सध्या कोइमतूर)

दंडोबा दादा, लई चांगली माहिती. आमच्याकडं घरटी एक जण गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात परमुलखात. कुणालाच पीएफ नाही की विमा नाही. महात्मा फुले योजनेत हे बसतं का वो? गावाकडं सगळे म्हणतात की आता कार्डावर ५ लाखांपर्यंत फुकट.

---

दंडोबा (मिरज)

नाही दादा. १ जुलै २०२४ पासून फुले योजना महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली आणि कवच ५ लाखांचं झालं हे खरं, पण ती ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते आणि आयव्हीएफ त्या यादीत नाही. केंद्राच्या आयुष्मान योजनेतही प्रजननाचे उपचार वगळलेले आहेत. कार्डावर करून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

---

विमामित्र (कराड)

ताई, मी विमा सल्लागार आहे. तुमच्या प्रश्नासाठी चांगले प्लॅन आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

संपादक

विमामित्र, व्यनिचं आमंत्रण देण्याऐवजी माहिती इथेच लिहा. सगळ्यांना उपयोग होईल.

---

विमामित्र (कराड)

ठीक आहे, इथेच लिहितो.

वैयक्तिक पॉलिसींत हा लाभ देणाऱ्या मोजक्याच आहेत. स्टार हेल्थची 'अ‍ॅश्युअर' आणि निवा बुपाची 'अ‍ॅस्पायर' ही दोन नावं मला खात्रीने घेता येतील. पण नाव बघून घेऊ नका, कलम बघून घ्या. मी गिऱ्हाईकाला ज्या क्रमाने विचारायला लावतो ते सांगतो.

पहिलं, प्रतीक्षा काळ किती आणि तो कधीपासून मोजतात. यात बऱ्याचदा दोन वर्षं, कुठे जास्त. शिवाय नवरा-बायको दोघेही त्याच पॉलिसीत सलग तेवढा काळ असायला हवेत अशी अट असते. नवऱ्याची पॉलिसी जुनी आणि बायकोला मागाहून घेतलं, तर तिचं घड्याळ तिच्या तारखेपासून सुरू होतं.

दुसरं, मर्यादा. पॉलिसी १० लाखांची असली तरी या उपचाराला वेगळी आणि बरीच लहान मर्यादा असते. बऱ्याच जणांची समजूत होते की १० लाखांपर्यंत कितीही सायकल करता येतील. एका सायकलचा खर्च निघाला तरी समाधान माना. ती मर्यादा दर वर्षी परत मिळते की काही वर्षांतून एकदाच, हेही विचारा.

तिसरं, झोन. हे सांगली-साताऱ्याच्या माणसाने नक्की बघावं. बऱ्याच कंपन्या शहराप्रमाणे हप्ता ठरवतात. आपल्याकडचा पत्ता दिला की हप्ता कमी बसतो, छान वाटतं. पण उपचार पुण्या-मुंबईत घेतले तर काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक टक्का स्वतः भरावा लागतो. आयव्हीएफसाठी आपली निम्मी माणसं पुण्याला जातात. म्हणून वरच्या झोनचा हप्ता किती होतो ते विचारून दोन्ही आकडे समोर ठेवा.

हप्त्याबद्दल एक चांगली गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण गेलाय. जुन्या कोटेशनशी तुलना करताना ते लक्षात ठेवा.

आणि पॉलिसीबरोबर 'ग्राहक माहिती पत्रक' येतं, जानेवारी २०२४ पासून ते नव्या, सोप्या नमुन्यात द्यावंच लागतं. मराठीत मागा, मागितलं तर मिळायला हवं. त्यात प्रतीक्षा काळ, मर्यादा, वगळलेल्या गोष्टी दोन-तीन पानांत असतात. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत नको वाटली तर परत करता येते. त्या ३० दिवसांत कंपनीला ईमेल टाकून विचारा की आम्हाला अमुक निदान आहे, हा लाभ आम्हाला कधीपासून आणि किती मिळेल. एजंटचा फोन पुरावा म्हणून चालत नाही, कंपनीचा ईमेल चालतो. मी स्वतः एजंट असून सांगतोय.

---

अजिंक्यतारा (सातारा)

ईमेलचं अगदी खरं आहे. आमचा अनुभव थोडा वेगळा, पण या वाटेवरच्या प्रत्येकाला माहीत असावा.

बायकोला गर्भनलिकेत गर्भ राहिला होता. रात्री पोटात असह्य दुखायला लागलं, साताऱ्यातच तातडीने ऑपरेशन झालं. कॅशलेस नाकारलं, नंतर क्लेमही नाकारला. पत्रात एकच ओळ: 'बाळंतपणाशी संबंधित खर्च, कलम १८ नुसार देय नाही.' बाळ गेल्याचं दुःख, ती घरी पडून, आणि वर हे पत्र. मी बरेच दिवस ते पत्र कपाटात ठेवून दिलं होतं, तिला दाखवलंही नाही.

मग पुस्तिका काढली. कलम १८ मध्येच लिहिलंय, बाळंतपणाचा खर्च मिळणार नाही, 'एक्टोपिक प्रेग्नन्सी वगळून'. म्हणजे नलिकेतल्या गर्भाचा खर्च या बंदीतून बाहेर काढलेला आहे. गर्भपाताचा खर्च मिळत नाही, अपघाताने झाला असेल तरच मिळतो. पण आमचं तसं नव्हतं. मी त्या ओळीखाली रेघ मारून पान स्कॅन केलं, डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडला आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. उत्तर म्हणून तेच पत्र परत आलं. मग आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली. त्यानंतर फोन आला, पुन्हा कागद मागितले आणि पूर्ण पैसे जमा झाले.

नसते झाले तर पुढची पायरी विमा लोकपाल. साताऱ्या-सांगलीला पुण्याचं कार्यालय लागतं, नारायण पेठेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी आणि तिचं उत्तर समाधानकारक नसावं किंवा महिनाभरात उत्तरच आलेलं नसावं. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

जाईजुई ताई, उपचार सुरू असताना हा धोका असतोच. तेव्हा तुमची आहे ती पॉलिसी कुठल्याही परिस्थितीत बंद पडू देऊ नका.

---

जाईजुई (सांगली)

अजिंक्यतारा दादा, वाचून पोटात कालवलं. तुमच्या मिसेस आता बऱ्या असतील अशी आशा करते. तुम्ही लिहिलंत म्हणून कलम १८ पहिल्यांदा नीट वाचलं. माझ्या पुस्तिकेतही ती ओळ आहे.

विमामित्र, दंडोबा, तुम्हा दोघांना एक सरळ प्रश्न. नवीन प्रपोजल फॉर्ममध्ये पीसीओएस आणि मिस्टरांचा रिपोर्ट लिहायचा का? माझ्या चुलत बहिणीने सांगितलं की लिहूच नकोस, लिहिलं की पॉलिसीच देत नाहीत.

---

मेनरोडचा_राजा (सांगली)

ताई, अजिबात लिहू नका. कोण बघायला येतंय? माझ्या मित्राने बीपी लपवून घेतली, काही झालं नाही.

---

दंडोबा (मिरज)

राजे, 'काही झालं नाही' म्हणजे अजून क्लेम झाला नाही. क्लेम आला की कंपनीचा माणूस येतो. तो आमच्याकडचे जुने केस पेपर मागतो, सोनोग्राफी सेंटरचं रजिस्टर बघतो, मेडिकलच्या बिलांवरच्या तारखा बघतो. ताईंच्या फाइलीत पहिल्या पानावर पीसीओएस लिहिलेलं असणार. मग त्यांना उद्या डेंगी झाला तरी माहिती लपवली म्हणून हात वर करायला कंपनीला कारण मिळतं.

ताई, लिहा. सगळं लिहा, मिस्टरांचंसुद्धा. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येते, पूर्वी चार होती. आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की त्यानंतर कंपनीला लपवलेल्या माहितीच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. तुमच्या जुन्या पॉलिसीला चार वर्षं झालीत. पुढच्या वर्षी तुम्ही त्या रेषेपलीकडे जाल. ही कमाई आहे, ती सहजासहजी टाकू नका.

---

विमामित्र (कराड)

अनुमोदन. पोर्टिंगबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, तोही सांगतो. जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेली तर आजारांच्या प्रतीक्षेची झालेली वर्षं तुमच्याबरोबर जातात, जुन्या विमा रकमेपुरती. पण जो लाभ जुन्या पॉलिसीत नव्हताच, त्याची वर्षं कुठून जाणार? म्हणजे चार वर्षं जुनी असली तरी आयव्हीएफच्या लाभाची प्रतीक्षा नव्या कंपनीत पहिल्या दिवसापासूनच मोजतात. आणि पोर्टिंगमध्ये नवी कंपनी आरोग्य बघून नकारही देऊ शकते. म्हणून नव्या कंपनीचा लेखी होकार येईपर्यंत जुनीचं नूतनीकरण चुकवायचं नाही. अर्ज नूतनीकरणाच्या तारखेआधी दीड-दोन महिने करायचा.

---

वाईची_सून (वाई)

मी या सगळ्यातून गेलेली आहे, म्हणून थोडं वेगळं सांगते.

आयव्हीएफचे पैसे आम्ही स्वतःच भरले. पुण्याला जाऊन येऊन, सोनं मोडून भरले. त्याची तयारी मनात होती. तयारी नव्हती ती त्यानंतरच्या बिलाची. मला जुळी राहिली, आणि ती वेळेआधीच झाली. एक महिन्याच्या वर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात). काचेच्या पेटीत हाताच्या पंजाएवढं बाळ, पायाला निळी पट्टी, आणि दर दोन दिवसांनी काउंटरवर बोलावणं. ते बिल आमच्या सगळ्या उपचारांच्या खर्चाच्या कितीतरी पुढे गेलं.

आमच्या पॉलिसीत बाळाला ९० दिवसांनंतरच घेता येत होतं. म्हणजे जेव्हा गरज होती तेव्हा बाळांचं नाव पॉलिसीत नव्हतंच. ज्या पॉलिसीत बाळंतपणाचं कवच असतं आणि त्याची प्रतीक्षा पुरी झालेली असते, त्यात बहुतेक ठिकाणी बाळ पहिल्या दिवसापासून धरतात.

म्हणून ताई, मी तुमच्या जागी असते तर आयव्हीएफचे लाखभर रुपये कोण देईल यामागे न लागता, बाळंतपण आणि पहिल्या दिवसापासूनचं बाळ कोण धरतं ते आधी शोधलं असतं. बाळाला किती रकमेपर्यंत धरतात तेही विचारा, नाहीतर बाळंतपणाच्या पन्नास हजारांतच त्यालाही बसवतात. दोन्ही मुली आता बालवाडीत जातात, दोघी ठणठणीत आहेत, हेही सांगते. धीर धरा.

---

सैनिकपत्नी (सातारा)

सातारा जिल्ह्यात घरटी फौजी आहेत म्हणून लिहिते. नवरा सेवेत असेल तर आधी एमआयरूममधून (युनिटच्या लष्करी दवाखान्यातून) रेफरल घ्या. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये एआरटी (कृत्रिम गर्भधारणा उपचारांचं) सेंटर आहे. नंबर लागायला वेळ जातो, सुट्टीचं गणित बसवावं लागतं, पण खर्चाचा बोजा पडत नाही. नवरा सीमेवर असताना त्याचा नमुना आधी गोठवून ठेवता येतो का, हे सुट्टी संपण्याआधी विचारा.

केंद्र सरकारी नोकरीतल्यांसाठी सीजीएचएसमध्ये (त्यांच्या आरोग्य योजनेत) २०११ च्या आदेशाने आयव्हीएफला एका सायकलला ६५,००० रुपयांपर्यंत, तीन सायकलपर्यंत परतावा ठरवला होता. पत्नीच्या वयाची अट आहे, आणि आधी परवानगी घ्यावी लागते. नोकरी केंद्राची असेल तर खासगी पॉलिसी शोधण्याआधी कार्यालयात हा आदेश काढायला लावा.

---

गलाईकर (विटा, सध्या कोइमतूर)

आमचं विम्याशिवायच झालं, म्हणून पैशाचं लिहितो.

क्लिनिकमध्ये 'पॅकेज' म्हणतात ते लिहून घ्या. आम्हाला सांगितलेल्या रकमेत इंजेक्शनं नव्हती, भूलतज्ज्ञ नव्हता, गर्भ गोठवणं आणि त्याचं दर वर्षाचं भाडं नव्हतं, गोठवलेला गर्भ परत सोडायची फी नव्हती. सगळं मिळून रक्कम दीडपट झाली. तीन सायकलचं एकदम पॅकेज, पैसे परतीची हमी, हे विमा नव्हे. त्यात वय आणि रिपोर्टच्या अटी बारीक अक्षरात असतात.

इंजेक्शनं फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. बायको गावी असताना सांगलीहून विट्याला एसटीनं आणायची, थर्मासात बर्फाच्या पिशव्या घालून. गावात लाइट गेली की दवाखान्याच्या फ्रीजला न्यायची. इंजेक्शनाचं रिकामं खोकं फेकू नका, त्यावर बॅच नंबर असतो. डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलचं जीएसटी बिल, खोकं, तिन्ही एका पाकिटात. ज्यांच्या पॉलिसीत परताव्याचा लाभ आहे त्यांना हेच कागद मागतात. आमच्या एका पाव्हण्याला बिलं साध्या कागदावर होती म्हणून अर्धे पैसे कापले.

आणि क्लिनिक नोंदणी झालेलं बघा. २०२१ चा एआरटी कायदा आल्यापासून प्रत्येक क्लिनिकला नोंदणी लागते, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. आययूआयचं लेव्हल १, आयव्हीएफचं लेव्हल २. नोंदणी नसलेल्या ठिकाणचं बिल कुठली कंपनी घेणार?

---

माई_कवठेमहांकाळ

मी वयाने मोठी आहे, विम्यातलं कळत नाही. पण एक वाचून राहवलं नाही. जाईजुई बाळा, दोन वर्षं पॉलिसी पिकायची वाट बघत उपचार थांबवू नकोस गं. माझ्या भाचीने पस्तिशीत तसंच केलं, पैसे साठू देत म्हणून थांबली. नंतर डॉक्टर म्हणाल्या, बीजं फार कमी झाली. पैसा उसनापासना उभा राहतो.

---

दंडोबा (मिरज)

माईंनी अगदी नेमकं सांगितलं. ताई, तुमच्या एएमएचचा (बीजं किती उरलीत ते सांगणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून विचारा की थांबणं परवडेल का. एआरटी कायद्यात बाईच्या वयाची वरची मर्यादा ५० आहे, पण तो कायद्याचा आकडा झाला. पस्तिशीनंतर शरीर तेवढं थांबत नाही. विम्याचा निर्णय उपचाराच्या तारखेप्रमाणे घ्यायचा, उपचार विम्याच्या तारखेप्रमाणे ढकलायचे नाहीत.

---

जाईजुई (सांगली)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय ठरवलं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणाला हा धागा सापडला तर उपयोग होईल.

ज्या दोन पॉलिसींची नावं आली त्या दोन्ही कंपन्यांना आमची निदानं लिहून ईमेल केले. एकीकडून उत्तर आलं: प्रपोजल तपासूनच ठरवू, आणि घेतलं तरी लाभ प्रतीक्षेनंतरच. डॉक्टर म्हणाल्या की दोन वर्षं थांबायचा प्रश्नच नाही, सहा महिने आययूआय बघू आणि मग पुढचं. म्हणजे पहिली आयव्हीएफ आमच्याच खिशातून, हे आता नक्की. त्यासाठी पतसंस्थेऐवजी बँकेत वेगळी आवर्ती ठेव सुरू केलीय आणि दुकानाच्या नव्या मशीनचा विचार मिस्टरांनी आपणहून पुढे ढकललाय.

जुनी पॉलिसी चालूच ठेवतोय. तिच्याच कंपनीत बाळंतपण आणि पहिल्या दिवसापासून बाळ धरणारा वरचा प्लॅन आहे, नूतनीकरणाला त्यात बदलून घेण्याचा अर्ज केलाय, पीसीओएस आणि रिपोर्ट दोन्ही लिहून. त्याची प्रतीक्षा किती लागेल ते त्यांनी ईमेलवर दिलंय, ते छापून फाइलला लावलंय. माहिती पत्रक मराठीत मागितलंय. वाईच्या ताईंची गोष्ट वाचून मिस्टर म्हणाले, बाळासाठी विमा आधी, बाकी आपण बघू.

---

कासची_फुलं (सातारा)

धागा उशिरा वाचला. माझ्या दिराचं गेल्या महिन्यात लग्न झालं, जाऊ २६ ची आहे. दिराची स्वतःची पॉलिसी पाच वर्षं जुनी आहे. त्यांना अजून दोन-तीन वर्षं मूल नकोय. मग तिला आत्ताच पॉलिसीत घ्यायचं की मूल ठरवतील तेव्हा?

---

विमामित्र (कराड)

आत्ताच, कासताई. बाळंतपण असो की आयव्हीएफचा लाभ, तिचे दिवस ती आत आल्यापासूनच मोजतात. दिराची पाच वर्षं तिला लागू होत नाहीत. दोन-तीन वर्षांनी मूल हवं असेल तर प्रतीक्षा तोवर बिनबोभाट पुरी होईल. बऱ्याच कंपन्या लग्नानंतर ठरावीक दिवसांत कळवलं तर पॉलिसी वर्षाच्या मध्येच घेतात, नाहीतर नूतनीकरणापर्यंत थांबवतात. दिराच्या पॉलिसीत हे लाभ आहेत का ते आधी बघा. नसतील तर हीच वेळ दोघांसाठी मिळून योग्य ती घेण्याची, कारण दोघांचे रिपोर्ट आज स्वच्छ आहेत. लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. कार्यालयाची पावती आणि पत्रिका चालत नाही, त्यामुळे नगरपालिकेत अर्ज केला नसेल तर या आठवड्यात करून टाका.